म्हाताऱ्या मूत्रपिंडाचा आरएनए वाचताना

म्हाताऱ्या उंदराच्या मूत्रपिंडाचा एक काप कुठलीही अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारी) न लावता फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली ठेवून बघा. नलिका आपल्या आपणच पिवळसर चमकतात. ते लिपोफ्युसिन, वयाबरोबर पेशींत साचत जाणारं रंगद्रव्य. मी सुरुवातीला त्या चमकेलाच सीडी१३३, म्हणजे स्टेम सेलची खूण मानलं जाणारं प्रथिन, समजले आणि वयानुसार स्टेम सेल वाढतात असं वहीत लिहूनही ठेवलं. अँटीबॉडीविना एक कंट्रोल काप ठेवला असता तर तीन आठवडे वाचले असते.

'स्टेम सेल' हा शब्दही इथे जपून वापरा. माणसात नवे नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातले रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, बनणं गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत थांबतं. ज्यांतून नेफ्रॉन बनतात त्या, सिक्स२ जीन चालू असलेल्या पूर्वज पेशी तोवर संपलेल्या असतात. प्रौढ मूत्रपिंडात नेफ्रॉनच्या गाळणीभोवतीच्या बोमन कॅप्सूलच्या भिंतीत सीडी१३३ आणि सीडी२४ ही प्रथिनं असलेल्या पेशी सापडतात. काही जण त्यांना पूर्वज पेशी मानतात. इतरांच्या मते इजा झाल्यावर वाचलेल्या नलिकापेशीच विभागून भरपाई करतात. हा वाद समजून न घेता प्रयोग आखू नका.

कोणता जीन किती चालू आहे, हे त्याच्या आरएनएवरून कळतं. वयाबरोबर विभाजन रोखणाऱ्या पी१६ जीनची पातळी चढते, म्हणजे विभाजन थांबवलेल्या पेशी वाढतात. १९९७ मध्ये उंदरांत सापडलेल्या, वार्धक्याशी संबंधित क्लोथो जीनची पातळी उतरते. दाहाशी संबंधित जीन्स तर बदललेल्या जीन्सच्या यादीत सगळ्यात वर दिसतील. इथेच नवखा माणूस फसतो. म्हाताऱ्या मूत्रपिंडात रोगप्रतिकारक पेशी शिरून बसलेल्या असतात. अख्ख्या ऊतीचा आरएनए काढला की त्यांचे जीन्सही त्यात येतात आणि मूत्रपिंडाची पेशी बदलली असा भास होतो. म्हणून पेशी वेगळ्या करूनच मोजा. मात्र एन्झाइम घालून ऊती सुट्या करतानाही फॉस, जुन हे ताणाचे जीन्स मिनिटांत उसळतात, तेव्हा हात चपळ हवा.

आणखी एक, मला फार महागात पडलेलं. तीन महिन्यांच्या सगळ्या उंदरांचे नमुने मी सोमवारी तयार केले, चोवीस महिन्यांच्यांचे गुरुवारी. आलेख देखणा आला, पण त्यातला फरक वयाचा की दिवसाचा, हे सांगायला काही मार्गच उरला नव्हता. तरुण आणि म्हातारे जोडीने, एकाच दिवशी, एकाच किटने करा. क्यूपीसीआरसाठी (ठरावीक जीनचा आरएनए मोजण्याची पद्धत) जीएपीडीएच हा जीन डोळे झाकून तुलनेचा संदर्भ म्हणून घेऊ नका. आधी दोन्ही वयांत तो स्थिर आहे ना, ते तपासा. हे सगळं पुन्हा करायला मला सहा महिने लागले, कारण चोवीस महिन्यांचे उंदीर हवे तेव्हा मिळत नाहीत.