जादुई वस्तू घडवण्याचे नियम कसे ठरवावेत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवून खेळायच्या खेळात नवी जादुई वस्तू घडवायची, तर ती नेमके काय करते हे एका वाक्यात लिहावे आणि नियमपुस्तकातील तितक्याच ताकदीच्या वस्तूचा दर्जा तिला द्यावा. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत कॉमन (साधी) ते लेजेंडरी (अतिदुर्मीळ) असे पाच दर्जे असल्यामुळे हे काम चटकन उरकते. +१ (एक गुण जादा देणारी) तलवार अनकॉमन असली तरी +१ चिलखत एक पायरी वरचे, म्हणजे रेअर असते, एवढे मात्र विसरू नये.

खरा कस लागतो तो किंमत ठरवताना, आणि नेमका इथेच ‘सोन्याचा आकडा वाढवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच ऐकू नये. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइड या, खेळ चालवणाऱ्या संचालकासाठीच्या पुस्तकानुसार लेजेंडरी वस्तूला ५,००,००० सुवर्णमुद्रा लागत आणि दिवसाला २५ मुद्रांचेच काम होई. म्हणजे एकट्या जादूगाराला २०,००० दिवस, जवळजवळ ५५ वर्षे! याला नियम कशाला म्हणायचे, सरळ ‘नाही’ म्हणावे. त्याआधीच्या ३.५ आवृत्तीत हजार मुद्रांच्या किमतीमागे एकच दिवस लागे, पण किमतीच्या पंचविसाव्या हिश्शाइतके अनुभवगुण (ज्यांवर पात्राची पातळी वाढते) घडवणाऱ्याच्या खात्यातून जात. सर्वांसाठी अंगठ्या आणि तलवारी करून देणारा जादूगार स्वतः मागे पडणार असेल, तर ते काम अंगावर घेईल कोण?

२०१७ च्या पुरवणी पुस्तकाने लेजेंडरी वस्तूचा खर्च १,००,००० मुद्रा आणि वेळ ५० आठवडे इतका खाली आणला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखादा दुर्मीळ घटक मिळवणे आवश्यक केले आणि तो मिळवताना कोणत्या ताकदीच्या प्राण्याशी गाठ पडावी हेही दर्जानुसार सांगितले. माझ्या मते सगळा नियम या घटकावरच उभा करावा आणि सोन्याला दुय्यम स्थान द्यावे.

समजा, आगीचे गोळे फेकणारी छडी करायची आहे. तिच्यासाठी ज्वालामुखीतल्या प्राण्याच्या छातीतला निखारा लागतो, आणि तो विझू न देता कार्यशाळेपर्यंत आणावा लागतो, असे ठरवून पाहावे. नदी कशी ओलांडायची, पाऊस आला तर निखारा कोणी सांभाळायचा, रात्री त्याचा उजेड लांबून दिसला तर काय करायचे, यावर खेळाडू आपसातच वाद घालू लागतात आणि संचालकाला फारसे काही करावे लागत नाही. घटक एकच असावा, त्याचे नाव आणि ठिकाण आधीच कळलेले असावे, आणि तो बाजारात विकत मिळू नये. पाच-सहा घटक मागितले की मोहिमेची किराणा मालाची यादी होते. शिवाय घटक हाती आल्यावर ‘वस्तू नीट जमली का’ म्हणून फासा टाकायला लावू नये. जिवावर उदार होऊन आणलेला निखारा फाशावरच्या एका आकड्याने वाया घालवणे मला साफ नामंजूर आहे.

वापराच्या मर्यादेसाठी नवे काही शोधू नये. सात चार्ज (वापरताना खर्च होणारे गुण) ठेवावेत. रोज पहाटे सहा बाजूंच्या फाशावरचा आकडा अधिक एक इतके परत यावेत. वस्तू सतत प्रभावी राहणारी असेल तर अट्यूनमेंट (वस्तू आधी पात्राशी जोडून घेण्याची अट) लावावे, कारण एका पात्राला अशा तीनच वस्तू बाळगता येतात.

जादुई काढे आणि मंत्रांच्या गुंडाळ्या यांसारख्या एकदाच वापरायच्या वस्तूंना वेळ आणि खर्च निम्मा धरावा.