एएफ असेल तर घरी काय सांभाळायचं: मेडिकलच्या काउंटरवरून

सांगलीत माझं मेडिकल आहे. चिठ्ठीवर ‘एएफ’ दिसलं की पेशंटला मी दोन मिनिटं थांबवतोच. एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. रक्त पातळ करायची गोळी त्यासाठी असते. धडधड थांबली म्हणून ती परस्पर बंद करायची नाही.

नाडी बघायला शिका. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं टेकवा आणि घड्याळ बघून पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर हिशेब चुकतो, ठोके सारख्या अंतराने पडतच नाहीत ना. बीपीचं मशीनही याच कारणाने दरवेळी वेगळं बोलतं. मिनिटामिनिटाने तीनदा घ्या आणि सरासरी वहीत लिहा. बसल्या जागी नाडी ११०च्या वरच राहायला लागली तर डॉक्टरांना कळवा.

आता रक्त पातळ करायच्या गोळ्या. ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या तपासणीची, तारीख चुकवू नका. बऱ्याच जणांचा २ ते ३च्या मध्ये ठेवतात. मेथी-पालक बंद करू नका, पण एक आठवडा अजिबात नाही आणि पुढचा आठवडा रोज, असंही नको, त्याने आयएनआर वरखाली होतो. डॅबिगाट्रानची कॅप्सूल पाकिटातून काढून डबीत भरू नका, दमट हवेने खराब होते. रिव्हरॉक्साबान जेवणाबरोबरच घ्या. शेजाऱ्याची अशी ‘नवी, तपासणी न लागणारी’ गोळी (डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्साबान यांसारखी) मात्र मागू नका. धातूची झडप बसवलेल्यांना किंवा माइट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना ती चालत नाही. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

परवा एक काका आले, “गुडघा धरलाय, डायक्लोफिनॅकची स्ट्रिप दे.” म्हटलं, काका, ॲसिट्रॉम चालू आहे ना तुमची? “अरे, एकाने काय होतंय!” होतं, पोटात रक्तस्राव होतो. दिली नाही. चिडले, पण माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. आयबुप्रोफेनचंही तेच, आणि काढे-चूर्णंही विचारल्याशिवाय नकोत. दात काढायला गेलात तर खुर्चीत बसायच्या आधी गोळीचं नाव सांगा.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली तर ‘जरा पडा, बरं वाटेल’ नको. लगेच १०८ लावा. शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर देता येईल की नाही हेही डॉक्टरांना ठरवावं लागतं. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, काळी शी झाली, डोक्याला मार लागला, तरी दवाखाना गाठायचाच. गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.