युरोपात ट्रेननं फिरताय? नागपूरच्या सवयीनं या चुका करू नका

आजकाल आपल्या नागपूरचे बरेच जण युरोप टूर स्वतःच प्लॅन करून राहिले, व्हिसा-हॉटेल सगळं बरोबर जमवतात अन् घोळ घालतात ट्रेनमधे, कारण आपल्याला वाटते ट्रेन काय, लहानपणापासून बसतो!

सगळ्यात जास्त गडबड बोर्ड वाचण्यात होते. तिथे बोर्डावर गाडीचं शेवटचं स्टेशन असते, तुमचं नाही. मिलानहून वेरोनाला जायचं तर बोर्डावर ‘वेनेत्झिया’ म्हणजे व्हेनिस दिसेल, अन् तुम्ही वेरोना शोधत उभे, तोवर गाडी गेली. तिकिटावरचा गाडी नंबर अन् सुटायची वेळ जुळवा, बस. व्हेनिसलाच जायचं असेल तर मेस्त्रे अन् सांता लुचिया ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, आपलं अजनी अन् नागपूर जसं. पाण्यातलं शहर पाहायचं तर सांता लुचिया. चुकून मेस्त्रेला उतरलात तरी टेन्शन नको, तिथून दहा-बारा मिनिटांत लोकल गाडी पोचवते.

इटलीत रिजनल गाडीचं, म्हणजे जवळपासच्या गावांना जाणाऱ्या साध्या गाडीचं, कागदी तिकीट घेतलं की चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमधे घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागते. पैसे भरून घेतलेलं तिकीट असूनही शिक्का नसला की दंड, अन् टूरिस्ट आहो म्हणून कोणी सोडत नाही बाप्पा. मशीन बंद असेल तर तिकिटावर पेनानं तारीख-वेळ लिहा अन् टीसीला स्वतःहून जाऊन सांगा, तो यायची वाट पाहू नका.

जर्मनीत वेगळीच भानगड. काही गाड्यांचे मधेच दोन भाग होतात, जसं बर्लिनहून आलेल्या काही आयसीई, म्हणजे तिथल्या फास्ट गाड्या, हॅम स्टेशनला तुटतात, एक भाग कोलोनकडे, दुसरा डुसेलडॉर्फकडे. ‘चढून घेऊ, मग आतून जाऊ’ हे इथे चालत नाही, कारण बरेचदा दोन भागांमधे आतून रस्ताच नसतो. डब्याचा नंबर पाहूनच चढा. दार आपोआप उघडलं नाही तर बटन दाबा.

फ्रान्समधे टीजीव्हीची, म्हणजे तिथल्या सुपरफास्ट गाडीची, दारं सुटायच्या २ मिनिटं आधीच बंद होतात, पळत येऊन लटकायचा विचारच सोडा. कुली पण नाही, म्हणून स्वतःला उचलता येईल एवढीच बॅग घ्या.

अन् गाडी लेट झाली तर नुसते वैतागू नका. युरोपियन युनियनच्या नियमानं पोचायला तासभर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के अन् दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के मागता येतात, फक्त तिकीट फेकू नका अन् कंपनीच्या साइटवर क्लेम टाका.