डॅक्स कसं शिकावं: आधी फिल्टर, मग फंक्शन

एक्सेलवर हात बसलेला माणूस पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या साधनाकडे वळतो, सम आणि अ‍ॅव्हरेज ओळखीचे दिसतात, आणि त्याला वाटतं की तिथली सूत्रांची भाषा डॅक्स म्हणजे एक्सेलच्या सूत्रांचाच पुढचा भाग. नातं आहेच. मायक्रोसॉफ्टने एक्सेल २०१० साठी पॉवर पिव्होट हे डेटा विश्लेषणाचं अ‍ॅड-इन आणलं, त्याच्यासोबतच ही भाषा आली. पण एक्सेलचं सूत्र सेलचा पत्ता धरून चालतं. डॅक्समध्ये तसा पत्ताच नाही. तिथे असतात टेबलं, कॉलम आणि त्या घडीला लागू असलेले फिल्टर. हे ध्यानात न घेता दोनशेहून जास्त फंक्शनांच्या यादीला भिडलात, तर सूत्रं लिहिता येतील, पण आकडा असाच का आला हे सांगता येणार नाही. म्हणून शिकण्याचा क्रम बदला.

(फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत लिहायची. टेबलाचं नाव मराठीत ठेवलंत, तर ते एकेरी अवतरणात घालावं लागतं.)

डेटाची मांडणी आधी

पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे, मात्र फक्त विंडोजवर चालतं. सरावाला स्वतःचा डेटा नसेल तर मायक्रोसॉफ्टचा काँटोसो हा नमुना डेटा घ्या.

सगळं एकाच लांबरुंद टेबलात कोंबू नका. मधोमध व्यवहारांचं टेबल ठेवा, म्हणजे 'विक्री', आणि भोवती 'उत्पादन', 'ग्राहक', 'तारीख' अशी माहितीची टेबलं. यालाच स्टार स्कीमा म्हणतात. 'उत्पादन' मध्ये प्रत्येक वस्तू एकदाच येते, 'विक्री' मध्ये कितीही वेळा. फिल्टर या 'एक' बाजूकडून 'अनेक' बाजूकडे वाहतो. मांडणी नीट असेल तर बहुतेक सूत्रं दोन-तीन ओळींत आटपतात. सूत्र फारच लांबत चाललं असेल तर मी आधी मॉडेलकडे, म्हणजे टेबलांच्या या मांडणीकडे पाहते, आणि दोष बहुधा तिथेच सापडतो.

कॉलम की मेझर?

कॅल्क्युलेटेड कॉलमचं गणित प्रत्येक ओळीसाठी होतं आणि उत्तर डेटा रिफ्रेश होताना साठवलं जातं. मेझर मात्र रिपोर्टमधल्या प्रत्येक आकड्यासाठी त्या त्या वेळी नव्याने मोजलं जातं. नुसती व्याख्या वाचून हा फरक मनात ठसत नाही, म्हणून करून बघा.

दोन ओळी घ्या. पहिलीत विक्री १००, नफा ५०. दुसरीत विक्री ९००, नफा ९०. नफ्याच्या टक्क्यांचा कॉलम केलात तर ओळींवर ५० आणि १० येतात. आता एकूण? बेरीज ६० टक्के, सरासरी ३० टक्के. दोन्ही चूक. खरं उत्तर १४० भागिले १०००, म्हणजे १४ टक्के. ते मेझरनेच मिळतं:

नफा टक्के = डिव्हाइड(सम('विक्री'[नफा]), सम('विक्री'[रक्कम]))

डिव्हाइड वापरायचं कारण असं की भाजक शून्य असला तरी ते एरर न देता रिकामं उत्तर देतं. नग गुणिले दर असं ओळीनिहाय गणित करून मग बेरीज हवी असेल, तर समएक्स घ्या. त्यासाठी वेगळा कॉलम करायची गरज नसते.

प्रत्येक आकड्याला विचारा: तुझ्यावर कोणते फिल्टर आहेत?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एक मॅट्रिक्स (ओळी-कॉलमांचा तक्ता) करा: ओळींत रंग, कॉलमांत वर्ष, बाजूला देशाचा स्लायसर (निवड करायची चौकट). कुठल्याही एका आकड्यावर बोट ठेवा आणि कागदावर लिहा: रंग लाल, वर्ष अमुक, देश तमुक. हाच त्या आकड्याचा फिल्टर कॉन्टेक्स्ट. मग तळाच्या एकूण आकड्यावर या. तिथे रंगाचा फिल्टरच नसतो. एकूण आकडा म्हणजे वरच्या ओळींची बेरीज नव्हे. ते मेझर कमी फिल्टरांखाली पुन्हा मोजलेलं असतं. वरचे १४ टक्के आले ते यामुळेच.

आता कॅल्क्युलेट

कॅल्क्युलेट फिल्टर कॉन्टेक्स्ट बदलतं. भाषेचा गाभा हाच. आधी एकूण विक्री = सम('विक्री'[रक्कम]) हे मेझर करा, मग हे लिहा:

लाल विक्री = कॅल्क्युलेट([एकूण विक्री], 'उत्पादन'[रंग] = "लाल")

ते रंगांच्या मॅट्रिक्समध्ये टाका. निळ्या ओळीतही लालचाच आकडा दिसेल, हिरव्यातही तोच. नवशिक्याला हा बिघाड वाटतो, पण नियमच तसा आहे: त्या कॉलमवर आधी असलेला फिल्टर काढून कॅल्क्युलेट आपला फिल्टर बसवतं. आता ती अट कीपफिल्टर्समध्ये गुंडाळा. जुना फिल्टर टिकतो, नवा त्यात मिसळतो आणि आकडा फक्त लाल ओळीत उरतो. हा प्रयोग स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग फिल्टर काढून टाकणारं ऑल वापरून एकूण विक्रीतला हिस्सा काढा: भाजकात कॅल्क्युलेट([एकूण विक्री], ऑल('उत्पादन')). समएक्ससारख्या फंक्शनच्या आत एखादं मेझर बोलावलं की त्याच्याभोवती कॅल्क्युलेट आपोआप येतं आणि चालू ओळच फिल्टर बनते, एवढं आत्ता लक्षात असू द्या. त्याची खोली सरावाने कळते.

तारखा

तारखांचं स्वतंत्र टेबल करा. त्यात वर्षं पूर्ण हवीत, मधला एकही दिवस गळता कामा नये. त्याला 'मार्क अ‍ॅज डेट टेबल' करा. मग गेल्या वर्षीशी तुलना करायला सेमपीरियडलास्टइयर आणि वर्षारंभापासूनच्या बेरजेला टोटलवायटीडी सरळ चालतात.

आकडा चुकतोय तेव्हा

सूत्र व्हार (मधल्या उत्तराला नाव देतो) आणि रिटर्न (अंतिम उत्तर सांगतो) वापरून टप्प्यांत लिहायची सवय लावा. शंका आली की रिटर्नपुढे अंतिम उत्तराऐवजी मधला एखादा व्हार ठेवा आणि त्याची किंमत मॅट्रिक्समध्ये वाचा. कुठला टप्पा घसरला ते लगेच दिसतं. एक खबरदारी घ्या: व्हारची किंमत तो जिथे लिहिला तिथेच ठरते. त्याला नंतर कॅल्क्युलेटमध्ये घातलं तरी आकडा हलत नाही, कारण तिथे मेझरच लागतं. एवढ्याने उलगडा झाला नाही तर पॉवर बीआयमधला डॅक्स क्वेरी व्ह्यू किंवा मोफत मिळणारं डॅक्स स्टुडिओ उघडा, इव्हॅल्युएटने सुरू होणारी क्वेरी लिहा आणि मेझर ज्या टेबलावर चालतंय ते टेबलच ओळीओळीने समोर मांडून पाहा.