परसातली तुती: लावायची कशी, छाटायची कधी

तुती लावणे सोपे, पण तिच्यावर कात्री चालवायला हात धजत नाही. मग झाड कौलांच्या वर जाते आणि फळे पाखरे खातात. तुतीला फळ नव्या फुटीवर धरते, हे एकदा लक्षात आले की भीती जाते.

जूनमध्ये जमीन चांगली भिजली की ओळखीच्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी फांदी आणा. हिरवा शेंडा नको. तीन-चार डोळ्यांचे वीतभर तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या आणि दोन डोळे मातीत जातील असा तुकडा पिशवीत खोचा. आठवड्या-दोन आठवड्यांत पाने दिसतील. ती फांदीतल्या साठ्यावर आलेली असतात, मूळ अजून नसते. उपटून बघू नका!

गणेश चवथीनंतर पाऊस ओसरला की रोप जमिनीत लावा. दिवसभर ऊन हवे. आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडात खणलेला खड्डा पावसात हौदासारखा भरतो, म्हणून उतारावर किंवा मातीचा उंचवटा करून लावा. खड्डा दोन फुटांचा, त्यात शेणखत. घराच्या भिंतीपासून आणि विहिरीपासून दहा-बारा फूट दूर. पहिला उन्हाळा पाणी द्या, बुंध्याभोवती नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची साले, उलटी मांडा, ओल टिकते.

रोप छातीएवढे झाले की कमरेच्या उंचीवर शेंडा उडवा. फुटतील त्यातल्या चार-पाच फांद्या चहूबाजूंना राखा. हाच झाडाचा सांगाडा.

दुसऱ्या वर्षापासून मुख्य छाटणी दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर. आधी सुकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. मग वर्षभरात वाढलेल्या फांद्या हातभर ठेवून कापा, राहिलेली पानेही ओरबाडून टाका. कापातून दुधासारखा चीक येईल, घाबरू नका. मनगटाएवढी जाड फांदी मात्र शक्यतो कापू नका, ती जखम नीट भरत नाही आणि कुजत जाते. भर पावसात तर कात्री लावूच नका.

दहा-पंधरा दिवसांत डोळे फुगतात. नवी कोंब उघडताना पानाच्या बगलेत बघा: हिरवी, केसाळ, सुरवंटासारखी इवलीशी गोष्ट दिसेल. तेच फळ. आता पाणी चुकवू नका, नाहीतर ती गळते.

लाल तुती आंबट लागते. काळीभोर झाली, बोट लागताच हातात आली, की काढा. जुने कपडे घालून काढा, डाग धुऊन जात नाहीत.