टिकेलचा निळा माशीमार ओळखायचाय? आधी कान लावा

नवीन बर्डिंग सुरू केलेली मंडळी सिंहगड व्हॅलीत नाहीतर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जातात आणि सकाळभर झाडांच्या शेंड्यांकडेच बघत बसतात. टिकेल तिथे सहसा सापडत नाही हो. त्याला सावली लागते, ओढ्याकाठची झुडपं, बांबू, खाली झुकलेली एखादी फांदी, आणि तिथेच तो ताठ बसून असतो, मधेच शेपटी झटकतो, किडा दिसला की झेप घेतो किंवा पार जमिनीवर उतरतो आणि परत जवळपासच कुठेतरी येऊन बसतो. म्हणून त्याच्या मागे पळू नका, एका जागी उभे राहा.

मला तरी तो दिसण्याआधी जवळपास नेहमीच ऐकू येतो. पाच-सहा सुरांची छोटी, धातूसारखी खणखणीत लकेर, आधी खाली उतरते मग वर चढते, आणि गाणं नसेल तेव्हा कोरडं टिक-टिक. दुर्बिणीतून गाणारा नर नीट बघा, गळ्याची नारिंगी पिसं चक्क थरथरताना दिसतात, मला ते बघायला फार आवडतं.

आकार साधारण चिमणीएवढा. नर वरून गडद निळा, पण सावलीत तो निळा काळपटच वाटतो, त्यामुळे पाठीच्या रंगावर जाऊ नका, छाती बघा. गळा आणि छाती नारिंगी, खाली पोट पांढरं. मादीचं डिझाईन तेच, फक्त सगळं फिकट. हिवाळ्यात निळ्या गळ्याचा माशीमारही येतो, त्याच्या नराचा गळा निळा असतो आणि नारिंगी छातीवर सुरू होतो, हा फरक पाठच करून टाका. नारिंगी अजिबातच नसेल तर ब्लॅक-नेप्ड मोनार्क (हाही एक छोटा निळा पक्षी) आहे का ते तपासा.

टिकेल आपल्याकडे वर्षभर असतो, त्यामुळे घाई नाही. संध्याकाळी बाकीचे पक्षी शांत झाल्यावरही तो किडे पकडत असतो, तेव्हा लवकर परत फिरू नका.

एक कळकळीची विनंती, मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. साधारण एप्रिल ते ऑगस्ट वीण असते, घरटं दरडीतल्या, खडकातल्या किंवा झाडाच्या भोकात, म्हणजे तुमच्या पायवाटेला लागूनही असू शकतं. चोचीत किडा धरून तो एकसारखं टिक-टिक करत असेल आणि किडा खात नसेल, तर पिल्लं जवळ आहेत असं समजा, कॅमेरा खाली घ्या आणि लगेच मागे सरका.