लहान मुलाला घेऊन क्रूझला निघताय? कंपनी निवडताना या चुका टाळा

आम्ही क्रूझवर चढलो तेव्हा मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा होता. किड्स क्लबचे, म्हणजे मुलांना सोडून जाता येतं त्या खेळघराचे, फोटो बघूनच ती कंपनी निवडली होती. पहिल्या संध्याकाळी क्लबच्या दारातल्या मुलीने हसतमुखाने जन्मतारीख विचारली, संगणकात पाहिलं आणि तितक्याच हसतमुखाने सांगितलं, "तीन पूर्ण झाले की घेऊन या." पुढचे सहा दिवस पोरगं त्या दाराच्या काचेला नाक लावून आत बघत राहिलं आणि आम्ही दोघं आळीपाळीने जेवत राहिलो. यात कंपनीचं काहीच चुकलं नव्हतं. नियम लिहिलेला होता, आम्ही वाचला नव्हता.

तेव्हापासून ओळखीतल्या कुणी "लहान मुलासाठी कुठली क्रूझ चांगली?" असं विचारलं की मी आधी उलट दोन प्रश्न विचारते. निघायच्या दिवशी मूल किती महिन्यांचं असेल? आणि डायपर सुटलंय का? एवढ्यावरच निम्म्या कंपन्या गळतात. बाकीची चर्चा त्यानंतर.

वय वर्षांत मोजणं

"अडीच-तीन वर्षांचा आहे" हे उत्तर घरच्या गप्पांत चालतं, जहाजावर चालत नाही. तिथे निघण्याच्या तारखेला पूर्ण झालेले महिने बघतात. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला चढूच देत नाहीत. अटलांटिक किंवा पॅसिफिक ओलांडणारी सफर असेल, किंवा सलग तीन-चार दिवस जमीन दिसणार नसेल, तर हीच अट बारा महिन्यांवर जाते. कारण साधं आहे. भर समुद्रात बाळ गंभीर आजारी पडलं, तर त्याला हॉस्पिटलपर्यंत पोचवणं अवघड असतं.

काही ठिकाणी तर मुलांना प्रवेशच नाही. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग १८ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसची गंमत वेगळीच. कंपनी कुटुंबांची लाडकी, पण तिची अर्केडिया आणि ऑरोरा ही दोन जहाजं फक्त मोठ्यांसाठी. स्वस्त भाडं दिसलं म्हणून घाईने बुकिंगचं बटण दाबू नका.

खरी मेख सहा महिने ते तीन वर्षं या टप्प्यात आहे. रॉयल कॅरिबियन, डिस्ने, नॉर्वेजियन, प्रिन्सेस, सेलिब्रिटी या सगळ्यांचा नेहमीचा किड्स क्लब तीन वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होतो. कार्निव्हल मात्र दोन वर्षांपासून घेते. त्याखालच्या मुलांसाठी काय आहे, हे प्रत्येकाचं निराळं. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं पाळणाघर आहे. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर तसंच आहे, पण सगळ्या जहाजांवर नाही. दोन्हीकडे तासावर पैसे मोजावे लागतात आणि जागा मोजक्या असतात. नॉर्वेजियनची तान्ह्यांची खेळखोली छान असते, पण आई-बाबांनी तिथेच बसायचं. म्हणजे तुम्हाला हवी असलेली दोन तासांची मोकळीक तिथे मिळत नाही. पी अँड ओच्या कुटुंबांच्या जहाजांवर रात्रीचं पाळणाघर असतं, सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी, तेही वेगळे पैसे न घेता. मूल तिथे झोपतं, तुम्ही निवांत जेवता. माझ्या मते दोन वर्षांखालचं मूल असलेल्यांनी पाण्याच्या घसरगुंड्यांपेक्षा या एका सोयीकडे जास्त बघावं.

तेव्हा "बेबी क्लब आहे" हे वाचून थांबू नका. मुलाला तिथे ठेवून जाता येतं, की आपण सोबत बसायचं, हे स्पष्ट विचारा.

डायपरचा प्रश्न किरकोळ समजणं

बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो. डायपर दोन ठिकाणी आडवा येतो.

पहिलं ठिकाण क्लब. तीन वर्षं पूर्ण झाली तरी रॉयल कॅरिबियन आणि डिस्नेच्या क्लबमध्ये मुलाला शू-शीची सवय लागलेली असावी लागते. पुल-अप, म्हणजे चड्डीसारखा वर ओढायचा डायपरसुद्धा चालत नाही. नॉर्वेजियनमध्ये डायपर घातलेलं मूल घेतात, पण बदलायची वेळ झाली की पालकांना बोलावतात. कार्निव्हलचे कर्मचारी स्वतः बदलून देतात. तुमचं पोर तीन वर्षांचं असून अजून डायपरमध्ये असेल, तर एवढ्या एका फरकावर आठवडा सुखाचा जातो किंवा वनवासाचा होतो. (सफरीच्या दोन आठवडे आधी घाईघाईने सवय लावायला जाऊ नका. नवी जागा, हलणारी जमीन, अनोळखी संडास. लागलेली सवयही तिथे मोडते.)

दुसरं ठिकाण पोहण्याचा तलाव. स्विम डायपर घेतला की झालं, असं आपल्याला वाटतं. होत नाही. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांना तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचे, म्हणजे सीडीसीचे स्वच्छतेचे नियम लागू होतात. त्या नियमांनुसार डायपरमधल्या मुलाला जहाजाच्या साध्या तलावात किंवा जकुझीत उतरवता येत नाही. स्विम डायपर घट्ट मळ अडवतो, पातळ नाही. तलावाचं पाणी तर गाळून पुन्हा तेच फिरत असतं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू क्लोरिनलाही लवकर दाद देत नाहीत, त्यामुळे एका मुलाच्या पोटाचा त्रास अनेकांना होतो. म्हणून डायपरवाल्या मुलांसाठी पाण्याची वेगळी व्यवस्था असलेला छोटा भाग बांधावा लागतो आणि तो थोड्याच जहाजांवर असतो. डिस्नेच्या ड्रीम आणि फँटसी या जहाजांवर तो आहे, रॉयल कॅरिबियनच्या काही मोठ्या जहाजांवर आहे. कार्निव्हलमध्ये नाही. गंमत बघा, क्लबच्या बाबतीत जी कंपनी सगळ्यात उदार, तीच पाण्याच्या बाबतीत सगळ्यात कडक.

यावरचा माझा उपाय: असा भाग नसेल, तर समुद्रकिनाऱ्याचे दिवस जास्त असलेला मार्ग घ्या. समुद्रात स्विम डायपर घालून डुंबायला अशी आडकाठी नसते. शॉवरच्या खोलीत मावेल असा हवेचा छोटा टबही बॅगेत टाका. उन्हातून आल्यावर तिथे अर्धा तास बसवलं की पोर खूश.

कंपनी निवडणं आणि जहाज न बघणं

एकाच कंपनीची दोन जहाजं म्हणजे एकाच आईची दोन मुलं. नाव सारखं, स्वभाव वेगळे. रॉयल कॅरिबियनचं आयकॉन ऑफ द सीज जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्यावर लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी सर्फसाइड नावाचा अख्खा भाग आहे. पाण्याचे खेळ, तान्ह्यांची पाण्याची जागा आणि खाण्याची ठिकाणं शेजारीशेजारी आहेत. त्याच कंपनीच्या जुन्या, लहान जहाजांवर यातलं फारसं सापडणार नाही. जाहिरातीत मात्र नेहमी सगळ्यात नवं जहाज असतं.

त्याच जाहिरातीतल्या घसरगुंड्यांना भुलण्याआधी मुलाची उंची मोजा. तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटिमीटरचं असतं. मोठ्या घसरगुंड्यांना बहुतेक ठिकाणी १०७ किंवा १२२ सेंटिमीटर लागतात. रॉयल कॅरिबियनच्या कृत्रिम लाटांवर पोटावर झोपून जायलासुद्धा १३२ सेंटिमीटर लागतात. म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे भरले, तिच्यापुढे उभं राहून रडणाऱ्या मुलाची समजूत काढायची.

तलावाशी जीवरक्षक आहे का, हेही जहाजागणिक विचारा. डिस्ने आणि रॉयल कॅरिबियन ठेवतात, पण सगळ्या कंपन्या ठेवत नाहीत. आणि ठेवले तरी आपली नजर हलवायची नाही.

"मुलं मोफत" हे शब्द शब्दशः घेणं

मोफत असतं ते भाडं. बंदराचे कर मुलालाही पडतात. कर्मचाऱ्यांसाठी आकारली जाणारी रोजची टिप काही ठिकाणी मुलालाही पूर्ण लागते, तर कार्निव्हल दोन वर्षांखालच्यांना आणि नॉर्वेजियन तीन वर्षांखालच्यांना ती माफ करते. पाळणाघराचे तास त्यात धरलेले नसतात. शिवाय सवलत बहुधा केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीला असते. एकट्या आईसोबत एक मूल असेल, तर ते दुसरी व्यक्ती म्हणून पूर्ण भाडं भरतं.

एक चूक फार महागात पडते: "बाळ मांडीवरच असतं, नंतर नाव घालू." जहाजावर मांडीवरचं बाळ हा प्रकारच नाही. प्रत्येक लाइफबोटीत ठरावीक माणसं बसतात आणि बाळही त्यात एक माणूस म्हणून मोजलं जातं. त्या लाइफबोटीची मोजणी पूर्ण झाली, की केबिनमध्ये पलंग मोकळा दिसत असला तरी नाव वाढवता येत नाही. बाळ पोटात असतानाच बुकिंग करणाऱ्यांनीही आधी कंपनीला विचारून घ्यावं. आणि दुसऱ्यांदा दिवस गेले असतील, तर हेही लक्षात ठेवा, की सफर संपेपर्यंत २४वा आठवडा लागणार असेल, तर बहुतेक कंपन्या गर्भवतीला चढू देत नाहीत.

केबिन फक्त भाडं बघून घेणं

मुलासोबत केबिनमध्ये आपण ठरवलेल्यापेक्षा खूप जास्त वेळ जातो. आतली, खिडकी नसलेली केबिन स्वस्त असते आणि दुपारच्या झोपेला झकास, कारण तिथे मिट्ट काळोख. पण रात्री आठला मूल झोपलं की तुम्हीही त्याच काळोखात मोबाइलचा उजेड झाकून बसता. बाल्कनी असली तर निदान दार लोटून बाहेर बसता येतं. बाल्कनीत खुर्ची किंवा टेबल कठड्यापासून दूर ठेवा आणि मुलाला तिथे एकटं क्षणभरही सोडू नका. दाराची कडी मुलाच्या हाताला लागते का, हे सामान उघडायच्या आधी बघा.

जागा निवडताना जहाजाच्या मधोमध आणि खालचे डेक घ्या, तिथे डुलणं कमी जाणवतं. डोक्यावर तलावाचा डेक नको. पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो आणि मूल त्या आवाजाला उठतंच.

बाथरूमबद्दल कुणी विचारत नाही, आणि विचारायला हवं. बहुतेक साध्या केबिनमध्ये फक्त शॉवर असतो, तोही एका माणसापुरता. डिस्नेच्या बहुतेक केबिनमध्ये टब असतो. शॉवरखाली उभं राहायला घाबरणारं मूल असेल, तर हा फरक रोज संध्याकाळी जाणवतो.

दुधाच्या बाटल्यांचंही तसंच. ब्रिटिश प्रवाशांसाठी चालणाऱ्या जहाजांवर केबिनमध्ये किटली असते. अमेरिकी कंपन्यांमध्ये सहसा नसते आणि घरून आणू देत नाहीत. आगीच्या भीतीने पाणी तापवणारी उपकरणं बंदराच्या तपासणीतच काढून घेतात. बाटल्या निर्जंतुक कशा करायच्या, हे बुकिंगआधी लेखी विचारून ठेवा. भात-भाजी मऊ वाटून द्यायला मुख्य भोजनगृहातले लोक बहुधा तयार असतात, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं.

मार्ग नकाशावर बघून ठरवणं

ग्रीसमधल्या सँटोरिनीला किंवा कॅरिबियनमधल्या ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही. लहान बोटीत उतरून किनारा गाठायचा, हातात बाबागाडी आणि काखेत पोर. सँटोरिनीत त्यानंतर केबल कारची रांग. घडी घालून एका हातात उचलता येईल अशी गाडी असेल तरच अशी बंदरं घ्या. बहामाजमधली कोकोके किंवा कास्टवे के ही कंपन्यांची स्वतःची बेटं या बाबतीत सुखाची. जहाज थेट धक्क्याला लागतं आणि गाडी ढकलत वाळूपर्यंत जाता येतं. किनाऱ्यावरच्या सहलींच्या बसमध्ये लहान मुलाची सीट मिळेलच असं नाही.

समुद्र लागण्याबद्दल, म्हणजे डुलण्याने मळमळ-उलटी होण्याबद्दल थोडंसं. दोन वर्षांखालच्यांना तो सहसा लागत नाही, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत जास्त लागतो. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका. प्रोमेथाझिन हे मळमळीवरचं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये. बालरोगतज्ज्ञांकडून औषध आणि मात्रा लिहून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो मुलांचा डॉक्टर असेलच असं नाही आणि फी जागेवर भरावी लागते. विमा काढताना जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते बघा. पोटाच्या साथीच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. साबण लावून हात धुणंच खरं.

बुकिंग झालंय आणि आत्ता हे वाचताय?

अंतिम रक्कम भरायची तारीख उलटली नसेल, तर अजून फार बिघडलेलं नाही. त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर किंवा दुसऱ्या तारखेला बदल मिळू शकतो. मूल सफरीनंतर थोड्याच आठवड्यांनी तीन पूर्ण करणार असेल, तर तारीख पुढे ढकलणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे. आमचं नेमकं तेच राहून गेलं.

तारीख उलटली असेल, तर पाळणाघराच्या जागा ऑनलाइन कधी उघडतात ते शोधा आणि त्या दिवशी लगेच घ्या. नाही मिळाल्या, तर चढल्या चढल्या जेवणाच्या रांगेत न जाता आधी पाळणाघराच्या दारात जा. उरलेले तास तेव्हाच वाटले जातात. पाळणा, पलंगाची आडकाठी आणि औषधासाठी फ्रिज हे सगळं आधी ईमेलने मागून ठेवा. बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट जहाजावर असतंच, पण ते केबिनमध्ये ठेवलेलं असेल असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मागून घ्या.

आणि मोठी बॅग बंदरावर सोपवली की ती केबिनच्या दाराशी कधीकधी संध्याकाळीच येते. तोपर्यंत लागणारे डायपर, दूध, औषधं, एक जोडी कपडे आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.